तिसऱ्या दिवशी ती रडेल, घाबरू नका

हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हृदयाची झडप बदलायची ठरली आणि घरातले फोन वाजायला लागले. काही होत नाही हो, आजकाल फार कॉमन झालंय. पॉझिटिव्ह राहा. स्वामी आहेत पाठीशी. अमक्याच्या मेव्हण्याचं झालं, आता शेतात दारं धरतोय. सगळे मनापासून बोलत होते, त्यात खोट काढायची नाही, पण फोन ठेवला की मी होतो तिथंच असायचो, उलट थोडा खालीच, कारण "काही होत नाही" असं कुणी म्हणलं की डोकं लगेच काय काय होऊ शकतं ते शोधायला बसतं. एका लांबच्या काकांनी तर धीर देता देता त्यांच्या शेजारच्या बाई टेबलावरच कशा गेल्या ते सविस्तर सांगितलं आणि शेवटी "पण तुमचं तसं होणार नाही" म्हणून फोन ठेवला.

मग डेपोतल्या मित्राच्या बायकोचा फोन आला. हा मित्र एसटीत, आणि वहिनींची स्वतःची झडप बदलून बरीच वर्षं झालीत, हे मला माहीत होतं पण कधी खोलात विचारलं नव्हतं. वहिनींनी देवाचं नाव घेतलं नाही की धीर धरा म्हणल्या नाहीत. पहिलाच प्रश्न, "भावजी, दात दाखवले का तिचे?"

मी म्हणलं वहिनी, ऑपरेशन हार्टचं आहे.

"तेच सांगतीय. किडका दात असला, हिरडीत पू असला तर त्यातले जंतू रक्तातनं जाऊन नव्या झडपेवर बसतात. आधी दात क्लिअर करून घ्यायला लावतील. ते पुण्यात जाऊन करण्यापेक्षा साताऱ्यातच उरकून घ्या, तेवढीच एक चक्कर वाचेल."

दोन दिवसांनी हॉस्पिटलनं दिलेल्या तपासण्यांच्या यादीत खरंच डेंटिस्टचं सर्टिफिकेट होतं, आणि आमचं ते तयार होतं. तेव्हा जे वाटलं त्याला मी धीर म्हणतो. पुढचं पाऊल कुठं पडणार आहे ते कुणीतरी सांगितलंय आणि ते खरंच तिथं पडलंय. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वहिनींचा फोन किंवा व्हॉइस मेसेज यायचा आणि त्यात फक्त उद्याचं असायचं. परवाचं विचारलं तर म्हणायच्या, परवाचं उद्या सांगते, आत्ता ऐकून काय करणार, झोप घालवणार नुसती.

हिचा आजार तसा लहानपणचा. कोरेगावकडचं गाव, घरात खंडीभर माणसं, घसा दुखला तर मिठाच्या गुळण्या आणि हळदीचं दूध. असाच एकदा घसा आला, बरा झाला आणि काही आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरला की घोटा, मग दुसरा गुडघा. वाढीचं दुखणं म्हणून तेल लावलं, तेही गेलं. सांधे बरे झाले पण त्याच तापानं हृदयाची झडप धरली होती. रुमॅटिक फीवर म्हणतात त्याला. साधारण पाच ते पंधरा वयातल्या पोरांना होतो, घशातल्या एका जंतूनं सुरुवात होते, आणि वेळेवर पेनिसिलिनचा कोर्स झाला तर बहुतेक वेळा पुढचं सगळं टळतं. हे सगळं आम्हाला कळलं ते ही गरोदर असताना, जिन्याच्या चार पायऱ्यांत धाप लागायला लागली तेव्हा. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं आणि अरुंद झडपेतनं ते पुढं सरकत नाही, मग फुप्फुसात तुंबतं. बाळंतपण कसंबसं पार पडलं, नंतर मांडीतल्या शिरेतनं फुगा नेऊन झडप फाकवली. हे फुग्याचं तंत्र इनोऊए नावाच्या जपानी डॉक्टरनं १९८४ मध्ये जगापुढं आणलं, म्हणजे ही शाळेत असेल तेव्हा. त्या फुग्यानं आमची बरीच वर्षं काढून दिली. तो ताप परत येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी कमरेत पेनिसिलिनचं ते जाडजूड इंजेक्शन घ्यायला ही एकटी जायची आणि लंगडत घरी येऊन स्वैपाकाला लागायची, मी फार तर विचारायचो, झालं का गं इंजेक्शन.

मी एमआयडीसीत मेंटेनन्सला. व्हॉल्व्ह हा माझ्या रोजच्या कामातला विषय. डॉक्टरांनी ईकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, स्क्रीनवर दाखवलं तेव्हा मला आमच्या विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्हच दिसला, गाळ बसून आखडलेला, धड उघडत नाही आणि धड मिटतही नाही, पाणी चढतं कमी आणि उतरतं जास्त, आणि मोटार बिचारी ताण घेऊन गरम होतीय. डॉक्टर म्हणाले आता फुगा चालणार नाही, कॅल्शियम साठलंय, दुसरी झडप घालावी लागेल.

दुसरी म्हणजे कुठली, यावर घरात जे रामायण झालं ते वेगळंच. दोन प्रकार. एक प्राण्याच्या ऊतींपासनं केलेली, गाय-बैलाच्या हृदयावरच्या आवरणाची किंवा डुकराच्या झडपेची. तिला रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर लागत नाहीत, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते आणि तरुण माणसात त्याच्याही आधी. दुसरी यांत्रिक, ती टिकते, पण गोळी कायमची. सासूबाईंनी पहिल्या प्रकाराचं वर्णन निम्मं ऐकलं आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. त्यांची दरवर्षीची वारी. ही शांतपणे म्हणाली, "आई, माळ तुझ्या गळ्यात आहे, झडप माझ्यात बसणारे." अर्थात निर्णय माळेवर झाला नाही, वयावर झाला. पन्नाशीच्या आतली बाई, परत पंधरा वर्षांनी छाती उघडायची का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि त्यावर कुणी काही बोललंच नाही. यांत्रिक ठरली.

त्यातही आम्ही चित्रा घेतली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या टीमनं बनवलेली झडप, पहिल्यांदा माणसात बसवली ६ डिसेंबर १९९० ला. त्याआधीची तीन मॉडेलं फेल गेली, चौथं चाललं. कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट, त्यात एकच चकती, ती तिरकी होऊन उघडते आणि उघडताना-मिटताना जागेवर फिरतही राहते म्हणजे एकाच ठिकाणी झीज होत नाही. ती चकती धातूची नाही, एका जातीच्या प्लॅस्टिकची आहे. हे वाचून मला जो आनंद झाला तो सांगून कळणार नाही, झीज वाटून देणारं डिझाइन म्हणजे आमच्या धंद्यात हात जोडावेत अशी गोष्ट. त्या रात्री मी हिला कागदावर चकती काढून दाखवत होतो. ही म्हणाली, तुम्हाला माझ्यापेक्षा तिचीच जास्त काळजी दिसतीय. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

कंपनीतल्या मित्रांबद्दल मला आधी वाटलं होतं की ते भेटायला येतील, सफरचंदं आणतील, संपलं. पण स्टोअरला जो माझा मित्र आहे त्यानं एका दुपारी कँटीनमध्ये मला बसवलं आणि म्हणाला, लेका तू फक्त वहिनींच्या शेजारी बस, बाकी कायकाय लागतंय ते आत्ता लिहून दे. आणि त्यानं खरंच स्टोअरच्या रजिस्टरसारखं लिहून घेतलं. पॉलिसीची झेरॉक्स, आधार, जुने ईको तारखेप्रमाणे लावून, फुग्याच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड जे माळ्यावरच्या ट्रंकेत निघालं. फाइलला पुठ्ठ्याचे रंगीत कप्पे. हॉस्पिटलमधल्या विम्याच्या, म्हणजे टीपीए, डेस्कवरची मुलगी ती फाइल बघून म्हणाली, सर तुम्ही ऑडिटला आहात का.

रक्ताचं तर सगळं त्यांनीच केलं. ब्लड बँकेनं डोनर आणायला सांगितलं होतं, पोरं शिफ्ट बदलून टेंपो ट्रॅव्हलरनं पुण्याला आली. वजन पंचेचाळीस किलोच्या वर पाहिजे, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, पुरुषाला आधीच्या रक्तदानाला तीन महिने झालेले पाहिजेत. आमचा वेल्डर, सगळ्यात धिप्पाड गडी, बीपी जास्त म्हणून बाद झाला आणि त्याला ते इतकं लागलं की परतीच्या वाटेवर कापूरहोळपर्यंत कुणाशी बोलला नाही म्हणे. जो सगळ्यात हडकुळा, ज्याला आम्ही वारं आलं की धरून ठेव म्हणतो, त्याचं हिमोग्लोबिन सोळा निघालं. हा किस्सा त्यांनी हिला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात येऊन सांगितला, ॲक्शनसकट, आणि सिस्टरनं येऊन दम दिला तेव्हाच थांबले. ऑपरेशनबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

आदल्या संध्याकाळी वहिनींचा मेसेज लांबलचक होता. "आज सिस्टर तिच्या दोन घट्ट वेण्या घालतील. बांगड्या काढतील, काचेच्या निघाल्या नाहीत तर फोडतील, तर तुम्ही आधीच साबण लावून काढा, फुटलेला आवाज तिला नको. मंगळसूत्र, जोडवी तुमच्याकडं देतील आणि सही घेतील. मग भूल देणारे डॉक्टर येतील आणि फॉर्म वाचून दाखवतील, त्यात सगळं वाईटातलं वाईट लिहिलेलं असतं. ते तिला एकटीला ऐकू देऊ नका. आणि ते वाचत असताना तिच्या तोंडाकडं बघू नका, कागदाकडं बघा. तुम्ही तिच्याकडं बघितलं की तिला कळतंय तुम्ही घाबरलाय."

मी कागदाकडं बघितलं. ही माझ्याकडं बघत होती ते न बघताही कळत होतं. सही करताना म्हणाली, अहो, चष्मा लावा, भलतीकडं करताय.

माझा हॉस्टेलचा जुना रूममेट धनकवडीत राहतो. त्यानं त्याच्या रिकाम्या फ्लॅटची किल्ली दिली, आणि किल्लीपेक्षाही जास्त उपयोगाचं म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी तो सकाळी सातला येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि त्यानं पेपर उघडला. बास. त्याला बोलायची सवय नाहीच, हॉस्टेलमध्येही नव्हती. साडेसातला हिला आत नेलं. त्या हॉलमध्ये एक स्पीकर होता, त्यावर अधूनमधून कुणाच्यातरी नातेवाइकांना बोलावायचे आणि हॉलमधली सगळी माणसं एकदम ताठ व्हायची, मग ज्यांचं नाव असेल ते पळायचे आणि बाकीचे परत खुर्चीत सैल पडायचे. दर वेळी माझा हात नकळत त्याच्या पेपरवर जायचा आणि तो न बघता पेपर जरा माझ्याकडं सरकवायचा, जणू मला क्रीडा पान हवंय.

आत काय चाललं असेल ते मला यंत्रासारखं डोळ्यापुढं येत होतं आणि तेच बरं होतं. छातीचं हाड मधोमध कापणार, रक्त हार्ट-लंग मशीनकडं वळवणार, १९५३ मध्ये अमेरिकेत गिबन नावाच्या सर्जननं त्यावर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, तोवर थांबलेल्या हृदयावर निवांत काम करायची सोयच नव्हती. मग पोटॅशियमचं थंड द्रावण देऊन हृदय थांबवणार. थांबवणार. या शब्दापाशी आलो की यंत्रबिंत्र सगळं बाजूला राहायचं आणि मी उठून पाणी प्यायला जायचो.

पलीकडच्या बाकावर बीडकडच्या एक मावशी होत्या, त्यांच्या पोराचं पण झडपेचंच. पोरगं चोवीस-पंचवीसचं. महात्मा फुले योजनेतनं होतंय म्हणाल्या, आरोग्यमित्राच्या टेबलापुढं कागदांसाठी कितीदा उभं राहिलो ते विचारू नका दादा. दर साल कारखान्यावर ऊस तोडायला जाणारं कुटुंब, पोराचा घसा कधी दुखला आणि गुडघे कधी सुजले ते त्यांना आठवतही नव्हतं, कोपीवर, झोपडीत, कोण बघतंय. हा आजार दाटीवाटीनं राहणाऱ्यांना, वेळेवर डॉक्टर न मिळणाऱ्यांना जास्त धरतो असं मी वाचलं होतं, त्या हॉलमध्ये चार तास बसलं की वाचायची गरज पडत नाही. मावशींनी फडक्यातली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, माझ्या आणि रूममेटच्या हातावर अर्धी अर्धी ठेवली. आम्ही नको म्हणलं नाही. कँटीनचा उपमा सकाळपासून दोघांनाही गिळला नव्हता, ती भाकरी गेली.

दुपारी सर्जन बाहेर आले, मास्क खाली ओढला, झडप छान बसलीय म्हणाले. रूममेटनं पेपरची घडी घातली आणि बाथरूमला गेला, बराच वेळ आला नाही.

आयसीयूत पहिल्यांदा बघायला जायच्या आधी वहिनींनी मला जे सांगितलं त्याच्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. "नळ्या मोजा," म्हणल्या. "आत गेल्यावर चेहऱ्याकडं आधी बघू नका, चेहरा सुजलेला असणार, तो तिचा वाटणार नाही. नळ्या मोजा. तोंडातली श्वासाची. मानेतली औषधांची. मनगटात बीपी मोजायची. बरगड्यांखालनं निघालेल्या जाड, रक्त-पाणी बाहेर काढायच्या. लघवीची. आणि पोटाच्या वरच्या बाजूनं निघालेल्या केसासारख्या बारीक तारा, त्या पेसमेकरच्या, हृदयाचा ठोका मंदावला तर तिथनं देतात. प्रत्येकीचं काम म्हणत म्हणत मोजा. उद्या त्यातली एक कमी असेल."

मी मोजल्या. पलंगाच्या पायाशी उभा राहून एखाद्या मशीनचं कनेक्शन तपासावं तशा एकेक. आणि मोजून झाल्यावर चेहऱ्याकडं बघितलं तर तो सुजलेलाच होता, पण हिचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडातली निघालेली होती. पाणी मागत होती, सिस्टर चमच्यानं ओठ ओले करत होत्या. मग बाकीच्या एकेक करून. जाड नळ्या काढतात तेव्हा फार दुखतं, त्या वेळी श्वास धरायला सांगतात, हे पण हिला आधीच माहीत होतं, मीच वहिनींचा मेसेज ऐकवला होता. त्यामुळं सिस्टरनं "मोठा श्वास घ्या आणि धरा" म्हणल्यावर ही त्यांना म्हणाली, हो, आज नळीचा दिवस आहे ना.

आणि तिसरा दिवस. सगळं चांगलं चाललेलं, रिपोर्ट चांगले, वॉर्डात आणलेलं, खुर्चीत बसवलेलं. मी डब्यातली मऊ खिचडी भरवत होतो आणि हिच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. दुखतंय का तर नाही. काय होतंय तर माहीत नाही. लेकीचा फोन आला तरी रडं, भिंतीकडं बघून रडं. शेजारच्या पेशंटच्या बाई घाबरून सिस्टरला बोलवायला निघाल्या. माझ्या खिशात मोबाइलमध्ये वहिनींचा आदल्या रात्रीचा मेसेज होता, "उद्या-परवाकडं ती रडेल, घाबरू नका, तिला का म्हणून विचारू नका, तिलाही माहीत नसतं. एवढं मोठं ऑपरेशन, भूल, झोप नाही, अंगातलं सगळं हललेलं असतं. मी तर आमच्या ह्यांनी आणलेलं शहाळं बघून रडले होते." मी खिचडीची वाटी खाली ठेवली आणि तो मेसेज हिच्या कानाला लावला. शहाळ्यापर्यंत आल्यावर ही रडता रडताच हसायला लागली आणि हसल्यावर छातीत कळ आली म्हणून उशी घट्ट छातीशी धरली. खोकताना, हसताना छातीवर उशी दाबून धरायची असते, हाड स्टीलच्या तारांनी शिवलेलं असतं, तार आत कायमची.

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तो मेसेज नसता तर त्या दिवशी मी "बाई गं, सगळं चांगलं झालंय, रडतीस काय" एवढंच म्हणू शकलो असतो. भेटायला आलेल्या चारपाच जणांनी तेच म्हणलं. रडणाऱ्या माणसाला रडायचं कारण नाही हे पटवून द्यायची आपल्याकडं केवढी घाई असते.

बायकांच्या काही अडचणी असतात ज्या डॉक्टर सांगत नाहीत आणि नवऱ्याला सुचत नाहीत. छातीच्या मधोमध टाके, ब्रा घातली तर ती टाक्यावर घासते आणि नाही घातली तर वजनानं टाका दोन्हीकडं ओढला जातो. वहिनींनी हे माझ्याशी बोलायला जरा आढेवेढे घेतले, मग म्हणल्या, "भावजी, लाजू नका, लिहून घ्या." पुढनं हूक असलेली, सुती, एक साइज मोठी, आत तारबीर नको, आणि खाली मलमलचा तुकडा. मी आणि रूममेट दोघं पन्नाशीतले गडी तुळशीबागेत. तिसऱ्या दुकानात एक म्हातारे मालक होते, त्यांनी ऐकून घेतलं, ऑपरेशन हार्टचं का, असं एकदाच विचारलं, आणि आतनं दोन बॉक्स काढून पुढ्यात ठेवले. रूममेट तेवढा वेळ शेजारच्या दुकानातल्या पितळी समया बघत होता. एक घेऊनही आला.

डिस्चार्जचा दिवस म्हणजे दिवसभराचा डिस्चार्ज. विमा नियामकानं २०२४ मध्ये नियम केलाय, हॉस्पिटलची रिक्वेस्ट गेल्यावर तीन तासांत शेवटची मंजुरी द्यायची. आमच्या स्टोअरवाल्यानं साताऱ्यातनं फोनवर फोन करून तो नियम इतक्यांदा ऐकवला की शेवटी पलीकडचा माणूस त्याला सर म्हणायला लागला, तरी कागद हातात येईपर्यंत संध्याकाळ झालीच. डेपोवाला मित्र गाडी घेऊन आला होता. एसटी चालवणारा माणूस, त्याला मी आयुष्यात हळू गाडी चालवताना बघितलं नव्हतं. सीटबेल्ट आणि छातीच्या मध्ये उशी, आणि प्रत्येक स्पीडब्रेकर आला की हा मागं न बघता म्हणायचा, "वहिनी, आलं." आणि ही उशी धरायची. खंबाटकीच्या वळणांवर त्याला ट्रकवाले ओव्हरटेक करून शिव्या देत गेले आणि त्यानं एकालाही उत्तर दिलं नाही, हे त्याच्या बायकोला सांगितलं तर तिचा विश्वास बसला नाही.

घरी आल्यावर दीड-दोन महिने हात वर करायचा नाही, जड उचलायचं नाही, उताणंच झोपायचं. वेणी मी घालायला शिकलो, म्हणजे लेकीनं व्हिडिओ कॉलवर शिकवली. फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन प्लॅस्टिकच्या गोळ्यांचं ते फुंकायचं खेळणं, फुंकायचं नाही खरं, आत ओढायचं असतं, त्यावर सहाशे, नऊशे, बाराशे लिहिलेलं असतं. कंपनीतली पोरं आली की हातात काही आणायची नाहीत, वहिनींनी सक्त सांगितलं होतं, गर्दी नको, इन्फेक्शन नको, अंगणातनंच बोलायचं. मग अंगणात खुर्च्या टाकून ते बसायचे आणि ही खिडकीत. वेल्डर विचारायचा, आज किती गोळ्या? तिसरी गोळी जेव्हा वरपर्यंत गेली तेव्हा अंगणात शिट्ट्या वाजल्या, शेजारी बघायला बाहेर आले.

रात्री सगळं शांत झालं की झडपेचा आवाज येतो. टिक्. टिक्. आधी मला वाटलं माझ्याच डोक्यात वाजतंय. हिला पहिले काही दिवस त्यानं झोप लागेना, आता तो आला नाही तर झोप लागणार नाही म्हणते. मी अजून मोजतो कधीकधी, सवयीनं.

रक्त पातळ ठेवायची गोळी रोज एका ठरल्या वेळी आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, अडीच ते साडेतीनच्या मध्ये. कमी झालं तर झडपेवर गुठळी व्हायची भीती, जास्त झालं तर रक्तस्राव. आधी आठवड्यात दोनदा रक्त तपासायचं, आता महिन्यानं. डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधनं आणून कुठलीही पेनकिलर घ्यायची नाही. आणि पालेभाज्या. त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं, त्यामुळं आमच्याकडं येणारे सगळे सांगायचे, मेथी बंद, पालक बंद, कोथिंबीर पण बंद. सातारी बाईला मेथी बंद म्हणजे काय. इथंही डॉक्टर आणि वहिनी एकाच बाजूला, बंद काही नाही, फक्त एक दिवस जुडीभर आणि मग आठवडाभर काहीच नाही असं करायचं नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. म्हणून आता माझ्याकडं भाजीचा तक्ता आहे, फ्रिजवर लावलेला, रजिस्टरवाल्या मित्रानं आखून दिलेला.

एक मित्र आला नाही. शाळेपासूनचा, सगळ्यात जवळचा म्हणावा असा. फोन नाही, मेसेज नाही, गावात दिसतो तर रस्ता बदलतो. त्याची बायको काही वर्षांपूर्वी याच आजारात, ऑपरेशनची तारीख मिळायच्या आधी गेली. सगळे म्हणतात समजून घे. मी समजतो. राग तरीही आहे, समजल्यानं तो जात नाही. ही म्हणते तुम्हीच जा एकदा त्याच्याकडं, तो इथं येऊन माझ्या छातीतला आवाज कसा ऐकेल. मी अजून गेलेलो नाही. बघू, दिवाळीला.

वहिनींचा फोन आता मला येत नाही, थेट हिला येतो. तासतासभर चालतं. काय चाललंय विचारलं तर तुमच्या कामाचं नाही म्हणते. परवा स्वैपाकघरातनं एवढंच ऐकू आलं की अळूची पातळ भाजी आयएनआरच्या आधी करायची का नंतर, आणि माझ्या तक्त्यात अळूला रकानाच नाही यावर दोघी मोठमोठ्यानं हसत होत्या.